मेरिदाचा काळा घेवडा

युकातानला जाऊन आल्यापासून मंडळातल्या बायका मला पिरॅमिडबद्दल विचारतात आणि मी त्यांना घेवड्याबद्दल सांगते. त्यांची निराशा होते. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. पिरॅमिडही येतील.

सुधीर, माझा नवरा, विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मी हॉस्पिटलात डाएटिशियन. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून २००७च्या जानेवारीअखेरची ही सहल आम्ही आदल्या उन्हाळ्यातच बुक करून ठेवली होती. मग ऑगस्टमध्ये नागपूरला सासरे वारले आणि नोव्हेंबरात सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे ब्रिस्टलला आल्या. त्यांना आम्ही दोघंही आई म्हणतो. वय शहात्तर. आल्या तेव्हा वजन त्रेचाळीस किलो, ख्रिसमसला एकोणचाळीस. आजार काही नव्हता, सगळ्या टेस्ट झाल्या होत्या. त्या जेवत नव्हत्या, एवढंच. दोन घास वरणभात, पाव पोळी, की ताट सरकवून म्हणायच्या, "बस, झालं." कुणी किती आणि काय खावं हे सांगण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्याच टेबलाशी बसलेल्या बाईच्या पोटात मला वाटीभर जास्तीची खीर घालता येत नव्हती. जीपी, म्हणजे आमची फॅमिली डॉक्टर, म्हणाली, आणखी दोन किलो उतरलं तर ॲडमिट करावं लागेल.

सहल रद्द करायची असंच आमचं ठरत आलं होतं. आईंनी ते स्वयंपाकघरातून ऐकलं. मला घेऊन चला, नाहीतर नागपूरला पाठवा, पण माझ्यापायी तिकिटं वाया घालवू नका, असं त्यांनी बजावलं. त्यांच्या भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा काढायला आम्ही कोचने दोनदा लंडनला गेलो. बॅगेत मेतकूट, भाजणी, हिंग, चिवडा आणि मीठसाखरेची पाकिटं भरली. मी दहा आठवडे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कामापुरतं स्पॅनिश शिकले होते. मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, अंडं नको, ही चार वाक्यं मला झोपेतही म्हणता येत होती.

वायादोलिद

युकातान म्हणजे मेक्सिकोचा पूर्वेकडे समुद्रात घुसलेला सपाट तुकडा. सगळी जमीन चुनखडीची. वर एकही नदी नाही, पाणी सगळं जमिनीखालून वाहतं. जिथे वरचं छत कोसळलं तिथे मोठी विहीर उघडी पडते. वायादोलिद या छोट्या गावात अशी एक विहीर चक्क भरवस्तीत आहे. गाव स्पॅनिश लोकांनी वसवलेलं: मध्ये चौक, चौकाला चर्च, चहूकडे बुटकी रंगीत घरं. आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की पायऱ्या उतरून थेट हिरव्यागार पाण्याशी. वरून झाडांची मुळं दोरांसारखी लोंबत होती. आई कठड्याला धरून बघत राहिल्या. "बारवच आहे की," म्हणाल्या. ब्रिस्टलमध्ये तीन महिन्यांत त्या कुठल्याच गोष्टीला इतकं बोलल्या नव्हत्या.

जेवण मात्र तसंच. हॉटेलात भात आणि तळलेली केळी मागवली. त्यांनी केळ्याचे दोन काप खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा कप दूध.

त्याचा परिणाम चिचेन इत्सात दिसला. हे मायांचं सगळ्यात प्रसिद्ध शहर. मोकळ्या मैदानात एकच प्रचंड पायऱ्यांचा पिरॅमिड उभा आहे. वर चढायला आदल्या वर्षीपासून बंदी होती आणि मला ती मंजूर होती. पिरॅमिडपाशी पोचतो न पोचतो तोच आई खाली बसल्या. चेहरा पांढरा, हाताला घाम. शेजारी भरतकामाचे रुमाल विकणारी एक बाई होती. तिने काही न विचारता आपलं स्टूल आईंखाली सरकवलं आणि धंदा सोडून वीस मिनिटं त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली. मी मीठसाखरेचं पाणी घोटघोट पाजलं. नाडी जागेवर आल्यावर त्या बाईला पैसे देऊ लागले तर तिने हात मागे घेतला. मग मी सहा रुमाल घेतले. ते तिने मुकाट्याने मोजून बांधून दिले.

सुधीरने तिथल्या तिथे परत फिरायचं म्हणून सांगितलं. पुढचं विमान शोधू, उद्याच निघू. आई म्हणाल्या, "मी इथे बरी बसलेय. तुम्ही आळीपाळीने बघून या." तसं आम्ही ते जगप्रसिद्ध ठिकाण अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्यांनी पाहिलं. पायऱ्यांसमोर टाळी वाजवली की वरून पाखराच्या चिरकण्यासारखा प्रतिध्वनी येतो. मी तीन वेळा वाजवली. एरवी मजा आली असती. तेव्हा मनात एवढंच होतं की उद्या ॲडमिट करायची वेळ आली तर ती कुठल्या देशात.

मेरिदा

मेरिदा हे प्रांताचं मुख्य शहर. इथल्या श्रीमंतांनी घायपाताच्या दोरखंडांवर पैसा केला आणि रुंद रस्त्यावर पॅरिससारखे वाडे बांधले. राबले मायांचे वंशज. हे वाचून मला फार धक्का बसला नाही. ब्रिस्टलमधली सुंदर घरंही कुठल्या गुलामांच्या पाठीवर उभी आहेत ते आम्हाला ठाऊक आहे.

आम्ही उतरलो ते दोन्या एल्वियांच्या घरी. दोन्या म्हणजे आपल्याकडे काकू म्हणतात तसं. साठीच्या, विधवा, बुटक्या आणि रुंद, अंगात गळ्याशी आणि घेराला फुलं भरलेला पांढरा झगा. घर जुनं, छत उंच, फरशी रंगीत नक्षीची, आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीत लोखंडी कड्या. त्या कड्या झोळ्या अडकवायला. इथे मोठी माणसंही झोळीतच झोपतात. सुधीरने पहिल्याच दुपारी हौसेने झोळीत उडी घेतली आणि पलीकडून फरशीवर उतरला. दोन्या एल्वियांनी त्याला आडवं तिरकं कसं पडायचं ते दाखवलं. तेव्हा आई हसल्या. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, पण हसल्या.

स्वयंपाकघर मागच्या अंगणाला लागून होतं. संध्याकाळी मी माझी चार वाक्यं म्हणून दाखवली आणि दोन्या एल्वियांनी हातानेच सांगितलं, काळजी करू नका. आई दाराशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. दोन्या एल्विया पिठाचा गोळा प्लास्टिकच्या तुकड्यावर ठेवून बोटांनी थापत होत्या, फिरवत होत्या, तव्यावर टाकत होत्या. तोर्तिया फुगली की हाताने चापटी.

"काय करून राहिली ती? भाकरीच ना?" आईंनी विचारलं.

मी सांगितलं, मक्याची, पण मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि मग दळतात.

"पानाला लावतो तो चुना?"

तोच, म्हटलं. त्याने मक्यातलं सत्त्व अंगी लागतं. हे मी वीस वर्षांपूर्वी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं आज. आई खुर्ची आणखी पुढे घेऊन बसल्या.

त्या संध्याकाळी त्यांच्यासमोर काळ्या घेवड्याचं दाट, गुळगुळीत पिठलंच म्हणा, वर कांदा, आणि गरम तोर्तिया आली. आईंनी एक तुकडा बुडवून खाल्ला. मग दुसरा. मी आणि सुधीर एकमेकांकडे बघायचं टाळत आमच्या ताटात बघत होतो. त्यांनी दोन तोर्तिया संपवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन, रात्री तीन, आणि घेवडा पुन्हा मागून घेतला. मी मनात कॅलरींचा हिशेब करत होते आणि आकडे चांगले येत होते. दोन्या एल्विया आईंना नावाने हाक मारायला शिकल्या. कुसुमताईंचं त्यांनी 'कुसुमिता' केलं. दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि कुणाचंच अडत नव्हतं.

इसामाल

तिसऱ्या दिवशी आईंना पाय मोकळे करावेसे वाटले, म्हणून इसामालला गेलो. सगळं गाव एकाच पिवळ्या रंगात रंगवलेलं, आपल्या हळदीचा रंग. मधोमध प्रचंड मठ. तो मायांचं देऊळ पाडून, त्याच्याच जोत्यावर, त्याच्याच दगडांनी बांधलेला. दगड निरखून पाहिले तर काहींवर जुनी नक्षी अजून आहे. आई सावकाश सगळ्या कमानींखालून फिरल्या आणि म्हणाल्या, देव बदलला, जोतं तेच राहिलं. घोडागाडीतून गावाची फेरी मारली. मला घोड्याची नाल सैल वाटली, मी तसं सांगितलं, गाडीवानाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या संध्याकाळी आई न्हाणीघरात असताना मी स्वयंपाकघरात डोकावले. दोन्या एल्विया कढईत घेवडा परतायच्या तयारीत होत्या. शेजारच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी पांढरंशुभ्र, थिजलेलं काहीतरी मोठा चमचाभर काढलं. मला वनस्पती तूप वाटलं. माझ्या धंद्याच्या सवयीने मी विचारलं, हे कशाचं.

त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. डुकराच्या चरबीचं. त्याशिवाय घेवडा होतो का?

ब्रिस्टलच्या सुपरमार्केटात बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी तो टोपलीत टाकत नाही. इथे मी मांस विचारलं, मासे विचारले, अंडं विचारलं. परतायला काय वापरता, हे विचारलं नाही. आपल्या घरात फोडणी तेलाची किंवा तुपाची असते, ती कशाची असा प्रश्नच कधी पडत नाही, म्हणून तो मला तिथेही पडला नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात मांस नव्हतंच. चूक सर्वस्वी माझी होती. जन्मात अंड्याचा केक न खाल्लेल्या बाईने दोन दिवस पोटभर डुकराची चरबी खाल्ली होती आणि त्यामुळेच त्यांच्या गालांवर रंग आला होता.

मी दोन्या एल्वियांना तेल वापरायला सांगितलं. त्यांना ते अपमानास्पद वाटलं असावं, पण त्यांनी तेल घेतलं. जेवायला बसल्यावर आईंनी दोन घास घेतले, थांबल्या, आणि म्हणाल्या, "आज हिचा हात बिघडलाय." अर्धी तोर्तिया तशीच राहिली.

खोलीत आल्यावर सुधीरचं म्हणणं सरळ होतं. आईला सांगायचं नाही, आणि दोन्या एल्वियांना पुन्हा चरबी घालायला सांगायचं. ती जगली पाहिजे, बाकी सगळं नंतर. मी म्हटलं, पेशंटला ताटात काय आहे ते सांगायचं, हे मी दरवर्षी नव्या मुलींना शिकवते. तो म्हणाला, "ती पेशंट नाही, आई आहे." एकोणचाळीस किलो हा आकडा मलाही दिसत होता. सांगितलं आणि त्यांनी जेवण पुन्हा सोडलं, तर मग काय?

उश्माल

दुसऱ्या दिवशी एकादशी निघाली. आईंच्या पर्समध्ये पंचांगाचं घडी घातलेलं पान होतं. मला एक दिवसाची सूट मिळाली, आणि मी ती घेतली.

सकाळी उपासाचं काय मिळतं ते बघायला बाजारात गेलो. आणि काय मिळत नव्हतं ते विचारा. रताळी ढिगाने. शेंगदाणे, भाजलेले. बटाटे, पपई, हिरव्या मिरच्या. साबुदाणा ज्याच्यापासून करतात ते कंद, मातीसकट. आणि एका टोपलीत राजगिऱ्याच्या वड्या, अगदी आपल्यासारख्या, फक्त चौकोनाऐवजी गोल.

आई खूश झाल्या. "इतकं सगळं आपल्याकडून इथे आणतात?"

म्हटलं, उलटं आहे. हे सगळं या बाजूचं, अमेरिका खंडातलं. जहाजांबरोबर आपल्याकडे आलं. मी हे कॉलेजात शिकले होते, पण एकादशीच्या ताटाशी कधी जोडून पाहिलं नव्हतं. आईंनी राजगिऱ्याची वडी हातात फिरवून पाहिली. मग आपल्या आजेसासूबाई बटाटा सोवळ्यात चालतो की नाही यावर किती वाद घालायच्या ते त्यांनी सांगितलं, आणि म्हणाल्या, जुनं जुनं म्हणतो त्यातलं किती जुनं आहे ते तिकडच्या लोकांना विचारायला हवं.

रताळी भाजून, दाण्यांचा कूट आणि वड्या घेऊन आम्ही उश्मालला गेलो. मला विचाराल तर जायचं तर उश्मालला जा. चिचेन इत्साची गर्दी इथे नाही. जंगलातून एकदम गोलसर कोपऱ्यांचा उंच पिरॅमिड वर येतो, आणि पुढे लांबलचक इमारती, दगडी जाळीच्या नक्षीने भरलेल्या. प्रत्येक कोपऱ्यावर पर्जन्यदेवाचा चेहरा, सोंडेसारखं वळलेलं नाक. इथे जमिनीखालचं पाणीही हाताला लागत नाही. पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं आणि देवाची नाकं कोरायची. शेकड्यांनी कोरली आहेत. सरडे, हातभर लांबीचे, त्यांच्यावर उन्हं खात पडलेले. आईंनी झाडाखाली बसून दोन रताळी खाल्ली, एक नाक बराच वेळ बघितलं आणि हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, उद्या द्वादशीला उपास सोडायला एल्वियाबाईंना पहिल्या दिवशीसारखा घेवडा करायला सांग. तेवढा तिचा हात जमवून दे.

पुन्हा मेरिदा

सूट संपली. तेलाचा घेवडा त्यांना नको होता. न सांगता चरबीचा घेवडा देऊन एकादशीचं पारणं करवायचं, इतकी माझी मजल गेली नाही. सकाळी सुधीर आंघोळीला गेलेला पाहून मी आईंना चौकात फिरायला नेलं. तिथे पांढऱ्या सिमेंटच्या जोडखुर्च्या आहेत, अशा वळवलेल्या की शेजारी बसलं तरी तोंडं समोरासमोर येतात. आम्ही बसलो.

"आई, त्या घेवड्यात डुकराची चरबी असते. पहिले दोन दिवस तुम्ही ती खाल्लीत. मला परवा कळलं."

त्यांनी तोंड चौकाकडे वळवलं. कबुतरं होती, एक माणूस चौक झाडत होता. मी उलटीची, रडण्याची, तिकिटाच्या चौकशीची, सगळ्याची तयारी ठेवली होती.

"परवा कळलं," त्या म्हणाल्या. "सुधीरला?"

"त्यालाही परवाच."

"यांच्या वेळीही तुम्ही दोघांनी असंच ठरवलं होतं. अल्सर आहे म्हणालात. मी सहा आठवडे मऊभात कालवून भरवत होते. दोन घास जास्त गेले की वाटायचं, आता उतार पडेल. हे आता उठणार नाहीत ते डॉक्टरांना माहीत, तुम्हाला माहीत, शेजारच्या जोशांना माहीत. मला एकटीला नाही."

अल्सर हा शब्द ब्रिस्टलहून फोनवर मीच सुचवला होता. आईंना झेपणार नाही असं सगळ्यांचं मत होतं, आणि मला तो शब्द सोयीचा वाटला होता. हे मी त्यांना सांगितलं. मग म्हटलं, "चुकलं माझं." पंचवीस वर्षांत हे मी त्यांना पहिल्यांदा म्हटलं असेन.

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मला समोर अन्न आलं ना, की वाटतं, याच्यातही काहीतरी असेल जे मला कुणी सांगत नाहीये." चष्मा घातला. "पोटात गेलं ते नकळत गेलं. त्याचं मी बघीन देवाशी. पण यापुढे मला काय ते सांगत जा. खायचं की नाही ते मी ठरवीन."

मी हो म्हटलं. त्या उठल्या आणि विचारलं, इथे भांड्यांचं दुकान कुठे आहे.

अर्ध्या तासात आम्ही एक कोरी कढई, तेलाची बाटली आणि लसणाचा गड्डा घेऊन घरी आलो. आई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. नागपूर सोडल्यापासून त्यांनी विस्तवाला हात लावला नव्हता. दोन्या एल्वियांना मी सगळा प्रकार, माझ्या चुकीसकट, मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितला. त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले, आईंकडे बघून काहीतरी पुटपुटल्या आणि शेगडीसमोरची आपली जागा सोडून बाजूला उभ्या राहिल्या. आपल्या स्वयंपाकघरात परक्या बाईला अशी जागा करून द्यायची म्हणजे काय, ते मला कळतं. मला स्वतःला ते जमत नाही.

आईंनी शिजलेला, अजून काहीच न घातलेला घेवडा वेगळा मागून घेतला. तेल तापवलं, माझ्या डबीतला हिंग टाकला, लसूण, तिथली जहाल मिरची अर्धीच, मग घेवडा. डावाने घोटत राहिल्या. सुधीर ओल्या केसांनी दारात येऊन उभा राहिला. आईंनी त्याच्याकडे न बघता सांगितलं, "तुला मी नंतर बोलणार आहे. आधी पानं मांड."

आम्ही चौघं बसलो. आईंनी पहिला घास घेतला, मग दोन्या एल्वियांनी. त्यांनी तो तोंडात घोळवला, गिळला आणि मान हलवून एक वाक्य बोलल्या. सुधीरला ते समजलं नाही. आईंनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणाली?"

मी सगळं भाषांतर केलं. "म्हणाल्या, वास चांगला आहे, पण चरबीशिवाय याला काही चव नाही."

आईंनी आणखी एक घास घेतला, नीट चावला, विचार केला.

"खरं आहे तिचं," म्हणाल्या, आणि तोर्तियासाठी हात पुढे केला.